बेळगावची सीमा आणि अप्पांचा भज्यांचा गाडा

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी "तुम्ही काहीतरी लिहाच" असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला, तेव्हा मी प्रथम हात जोडले. माझे शिक्षण अवघे सातवीपर्यंतचे; हातात लेखणीपेक्षा लाटणेच अधिक. परंतु गेल्या वर्षीच्या आनंदमेळाव्यात माझ्या गिरमिटाच्या टेबलापाशी एका भगिनीने सहज विचारले, "हा कानडी पदार्थ ना? तुम्ही मूळच्या कानडीच का हो?" तिच्या मनात काही वावगे नव्हते; पण मला त्या रात्री झोप आली नाही. माझे माहेर बेळगाव. लग्न होऊन नगरला आले त्याला वीस-बावीस वर्षे झाली, तरी गल्लीत मी अजून 'कानडी सूनबाई'च आहे. त्या प्रश्नाचे उत्तर दोन शब्दांत देण्यासारखे नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

सीमा म्हणजे काय हे नगरकरांना सांगावयास नको. आपल्या नेवाशाजवळ टोके येथे प्रवरा गोदावरीला मिळते. तेथून पलीकडच्या काठावर दिसणारे कायगाव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. एकच नदी, एकच भाषा, दोन्ही काठांवर तीच बाजरीची भाकरी. पण पलीकडे राज्य दुसरे. आमच्या आजेसासूबाई सांगत, की पलीकडच्या सोयऱ्यांकडे जाताना करोडगिरीच्या नाक्यावर गाठोडी सोडून दाखवावी लागत. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, निजामी गेली. आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. गोदावरीवरची रेघ पुसली गेली.

आता गंमत पाहा, की दुर्दैव म्हणा. त्याच दिवशी, त्याच कायद्याने, बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून काढून म्हैसूर राज्याला जोडला गेला. त्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला. म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत नगर आणि बेळगाव एकाच राज्यातली गावे होती, दुसऱ्या दिवशी नव्हती. एका तारखेने तुमच्या अंगणातले कुंपण काढले आणि आमच्या अंगणात घातले. ही गोष्ट मी नगरला आल्यावर आजेसासूबाईंच्या तोंडून जुन्या हकिगती ऐकताना माझ्या ध्यानात आली, आणि तेव्हापासून ती मनातून जात नाही.

बेळगावचे लोक स्वस्थ बसले नव्हते. १९४६ च्या मे महिन्यात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले ते बेळगावातच. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला तेथे मोठे बळ मिळाले. १७ जानेवारी १९५६ रोजी बेळगावात गोळीबार झाला. तो दिवस सीमाभागात हुतात्मा दिन म्हणून पाळतात. पुढे १९६६ साली सेनापती बापट या प्रश्नासाठी मुंबईत उपोषणाला बसले. वय तेव्हा पंचाऐंशीच्या वर! त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात न्यायमूर्ती महाजनांचा आयोग नेमला गेला. सेनापतींचे नाव आमच्या घरी देवासारखे घेतले जाई. पण ते तुमच्या पारनेरचे, हे मला लग्नानंतर कळले. त्या दिवशी हे सासर मला पहिल्यांदा माहेरासारखे वाटले.

महाजन आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला. निपाणी, खानापूर, नंदगड असा भाग महाराष्ट्राला द्यावा, पण बेळगाव शहर म्हैसूरकडेच राहावे, असे त्यात होते. महाराष्ट्राने तो मानला नाही. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. तो रेंगाळलेलाच आहे.

असो. राजकारण मोठ्यांचे, आमचे सारे आयुष्य एका गाड्याभोवती गेले. माझे वडील, अप्पा, खडेबाजाराच्या बाजूला मिरची भजी आणि गिरमिट विकीत. गिरमिट म्हणजे काय ते सांगते. कांदा फोडणीत परतून त्यात चिंचेचा कोळ नि गूळ घालून आटवावयाचा. तो मसाला चिरमुऱ्यांना चोळून वर फुटाण्याच्या डाळीची पूड, कच्चा कांदा, कोथिंबीर नि बारीक शेव. सोबत लांब मिरचीचे गरम भजे. तुम्ही ज्यांना मुरमुरे म्हणता ते आमचे चिरमुरे, कानडीत चुरमुरी. हुबळी-धारवाडकडचा हा खाऊ, खरा कानडीच. तो बेळगावात आला आणि मराठी माणसांच्या हातचा झाला. जसा दूध आटवून केलेला तांबूस, रवाळ कुंदा मारवाडी हलवायांच्या कढईतून निघून बेळगावचा झाला. आणि बेळगावच्या लग्नांतले मांडे? मुक्ताबाईने ज्ञानदेवांच्या पाठीवर भाजल्याची कथा आपण ऐकतो, तेच मांडे.

आमचे गावच असे भेळमिसळ. शहराला लागूनच असलेले शहापूर, जेथे लुगडी विणली जातात, ते संस्थानी काळात सांगलीकरांचे, बेळगाव इंग्रजांचे. कॅम्पात मराठा पलटणीचे ठाणे. गाड्यावर कोणी म्हणे, "मामा, दोन भजी द्या", कोणी म्हणे, "एरडु कोड्री". अप्पा दोघांनाही त्याच कढईतले देत. उधारीच्या वहीत कानडी गिऱ्हाइकांची नावे मराठी अक्षरांत लिहिलेली असत.

महाराष्ट्र एकीकरण समितीचे लोक आणि विरुद्ध पक्षाचे लोक, निवडणुकीच्या दिवसांत दोघेही रात्री सभा आटोपून येत. दोन हात अंतरावर उभे राहून खात, एकमेकांकडे पाहत नसत. तिखट लागले की पाण्याचा तांब्या मात्र एकच. कित्येक वर्षे महानगरपालिका समितीच्या हाती होती. २००५ साली महाराष्ट्रात जाण्याचा ठराव तिने केला, तेव्हा बंगळुरात महापौर विजय मोरे यांच्या तोंडाला काळे फासले गेले आणि पालिका बरखास्त झाली. २०२१ च्या निवडणुकीत भाजपला स्पष्ट बहुमत मिळाले. समितीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या जागा उरल्या.

आमच्या घरची खरी परीक्षा दरवर्षी १ नोव्हेंबरला. कर्नाटकाचा तो राज्योत्सव. राणी चन्नम्मा चौकात ही गर्दी, मिरवणुका. मराठी माणसांचा तो काळा दिन. काळे कपडे घालून फेरी निघे आणि दुकाने बंद. भज्यांच्या गाड्याला एवढी गर्दी वर्षातून एकदा मिळावयाची! आई म्हणे, "आजच्या एका दिवसात दिवाळीचे निघेल." अप्पा काही बोलत नसत. गाड्यावर गोणपाट टाकून दंडाला काळी फीत बांधून जात. आई त्या दिवशी आमच्या ताटात भाकरी जरा जोरानेच वाढी.

शेजारी एका कानडी काकांचा गाडा होता. ते त्या दिवशी धंदा करीत, आणि का करू नये? पण जागेचे मोल रस्त्यावर धंदा करणाऱ्यालाच ठाऊक. एक दिवस मोकळी राहिली की दुसरा येऊन उभा राहतो. काका आपला तेलाचा रिकामा डबा अप्पांच्या जागेवर ठेवून देत. संध्याकाळपर्यंत तेथे कोणाला उभे राहू देत नसत. याबद्दल दोघे कधी एक अक्षर बोलले नाहीत. उलट सीमाप्रश्नावरून त्यांचे कडाक्याचे भांडण मी अनेकदा ऐकले आहे.

१ जून १९८६ ला कानडी सक्तीविरुद्ध आंदोलन झाले. छगन भुजबळ वेषांतर करून बेळगावात शिरले, ते तेव्हाचेच. हिंडलग्याला गोळीबारात माणसे गेली. मी सहा-सात वर्षांची होते. मला आठवते ती एवढीच गोष्ट, की कितीतरी दिवस गाडा लागला नाही, सूप भरून मिरच्या कुजल्या आणि आईने त्या अंगणात नेऊन पुरल्या. पुढे गाड्याच्या मराठी पाटीवर एका रात्री कोणीतरी डांबर फासले. कोण, ते कधी कळले नाही. अप्पांनी पाटीच काढून टाकली. म्हणाले, "वासाला पाटी कशाला?" हसून म्हणाले खरे, पण त्यानंतर त्यांनी पाटी कधीच लावली नाही, आणि ती घरातून टाकूनही दिली नाही. त्या ओढाताणीच्या वर्षांतच घराला हाताशी माणूस हवे म्हणून माझी शाळा सातवीला सुटली.

तर भगिनींनो, ज्या माणसाने मराठीपणासाठी दरवर्षी घरातली दिवाळी काळ्या फितीला बांधली, त्याची मुलगी मी. मला 'कानडी' म्हटले की अप्पांचे ते गोणपाट डोळ्यांपुढे येते. पण मग लगेच काकांचा तेलाचा डबाही आठवतो, आणि 'कानडी' म्हणजे काही शिवी आहे असे मानण्याचीही लाज वाटते. ज्ञानदेवांनी ज्या जिल्ह्यात, नेवाशात बसून ज्ञानेश्वरी सांगितली, त्याच ज्ञानदेवांनी विठ्ठलाला कानडा म्हटले आहे. अण्णा नि अक्का हे शब्दही आपण कानडीतूनच घेतले असे जाणते सांगतात.

म्हणून माझे उत्तर असे: पदार्थ कानडी, हात मराठी, आणि न्याय अजून मिळावयाचा आहे. बेळगावकरांची मागणी मला आजही रास्त वाटते. ती मागताना शेजारच्या गाड्याची जागा राखावयाची असते, एवढे मी रस्त्यावर शिकले.

बेळगावचे २०१४ साली बेळगावी झाले, आपल्या नगरचे २०२४ साली अहिल्यानगर. यंदाच्या मेळाव्यात माझे टेबल असेलच. टेबलाला पाटी लावण्यासाठी मी अप्पांची जुनी पाटी भावाकडून मागवली आहे. डांबर निघत नाही. अक्षरे थोडी दिसतात. सर्वांनी अवश्य यावे. तिखट कमी हवे असल्यास आधी सांगावे.