नालबंदी : एका शब्दाचा आणि एका जबाबदारीचा इतिहास

कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या काळी जिंजी येथे शिवछत्रपतींची जी बखर लिहिली, तिच्यात पागेच्या व्यवस्थेचा एक लहानसा तपशील आला आहे. २५ बारगिरांवर एक हवालदार नेमावयाचा, आणि त्या २५ घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद द्यावयाचा, असा तो नियम होय. पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांवर एक हजारी, ही उतरंड आपण शिक्षक मंडळी विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतो. पखालजी आणि नालबंद मात्र पाठ्यपुस्तकात येता येता वाटेतच गळतात. या गळालेल्या नालबंदाची योग्यता काय होती, आणि पुढे ‘नालबंदी’ या शब्दाचा अर्थ कसा पालटला, याचा विचार करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम कारागिरी पाहू. घोड्याच्या खुराची बाहेरची भिंत नखासारखी निर्जीव असते. तिच्या आत रक्ताने भरलेला जिवंत भाग असतो. या दोहोंच्या सीमेवर तळव्याकडून पाहिल्यास एक फिकट रेषा दिसते. नालेचा खिळा या रेषेच्या बाहेरूनच शिरला पाहिजे आणि भिंतीतून वर निघाला पाहिजे. खिळ्याचे टोक एका बाजूने उतरते घडविलेले असते, ते अशासाठी की ठोकताना तो बाहेरच्या अंगास वळावा. तो उलटा धरला, तर आत वळतो आणि जिवंत भागात शिरतो. असे झाले म्हणजे घोडा तत्काळ पाय ओढून घेतो, क्वचित रक्तही दिसते. चूक तिथेच उघडकीस येते आणि खिळा काढून घेता येतो.

याहून फसवी चूक दुसरी. खिळा जिवंत भागात न शिरता त्याला नुसता चिकटून जातो. त्या दिवशी घोडा नीट चालतो. दोन-चार दिवसांनी आतील दाबाने तो लंगडू लागतो. पुढचा पाय दुखावला असेल, तर तो पाय टेकताना मान वर उचलतो. खूर हाताला गरम लागते. तोवर नालबंद आपले दाम घेऊन गेलेला असतो, आणि दोष वाटेवरच्या दगडाला दिला जातो. जाणता मनुष्य अशा वेळी हातोडीने एकेका खिळ्यावर हलके टोले देतो. ज्या खिळ्यावर घोडा दचकतो, तो अपराधी. मग नाल उतरवून, खिळे एकेक करून काढून, आत पू झाला असल्यास त्याला वाट करून द्यावयाची, मिठाच्या कोमट पाण्यात पाय शेकावयाचा आणि घोड्याला विसावा द्यावयाचा. आज याच्या जोडीला धनुर्वाताची लस टोचतात. ती काळजी पूर्वी घेता येत नव्हती.

आणखी एक दोष आळसाचा आहे. नाल खुराच्या मापाची घडविण्याऐवजी तयार नालेच्या मापाला खूरच कानशीने घासून टाकावयाचे. काम झटपट आणि दिसावयास सुबक होते. पण भिंत पातळ होते, टाचा आवळतात आणि महिन्या-दोन महिन्यांत चांगले जनावर पायातून जाते.

आता सभासदाने दिलेल्या संख्येकडे वळू. २५ घोडे म्हणजे १०० खुरे. खुराची भिंत महिन्याला साधारण आठ ते दहा मिलिमीटर वाढते, म्हणून सहा आठवड्यांनी नाल उतरवून, खूर तासून, पुन्हा बसवावी लागते. ४२ दिवसांत १०० खुरे, म्हणजे दिवसाला सरासरी अडीच! वाटेत सैल झालेल्या, निखळलेल्या नालेचे काम वेगळे धरले, तरी या प्रमाणात घाईला कारण उरत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, २५ घोड्यांचा एकच नालबंद असला म्हणजे कोणते खूर कोणी ठोकले याविषयी वाद राहत नाही. चार दिवसांनी लंगडणारा घोडाही त्याच्याच समोर लंगडतो. उशिरा उघडकीस येणाऱ्या चुकीवर याहून चांगला उपाय कोणता असू शकेल? पागेतील घोडा सरकारचा, बारगीर सरकारचा आणि नालबंदही सरकारचा; खुराची जबाबदारी एका हाती होती.

शिलेदाराची गोष्ट निराळी होती. घोडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा. शिवकाळात पागा बलवान ठेवून शिलेदारांस तिच्या धाकात ठेवण्याचे धोरण होते. अठराव्या शतकात सरंजामी सरदारांची पथके वाढली, तसा शिलेदारांचा भरणाही वाढला. स्वारीस निघण्यापूर्वी शिलेदाराला तयारीसाठी आगाऊ रक्कम देत, आणि तिलाच ‘नालबंदी’ म्हणू लागले. मुलूख लुटीतून वाचविण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या खंडणीलाही फारसी दप्तरांत ‘नालबहा’, म्हणजे नालेची किंमत, असे नाव होते. अशा रीतीने जो शब्द हातोडी आणि खिळ्यांचा होता, तो जमाखर्चाचा झाला. सरकारने पैसा दिला की सरकारचे कर्तव्य संपले. नालबंद कसा गाठावयाचा, त्याचे काम कोणी पारखावयाचे, हे ज्याचे त्याने पाहावे. त्यात घोडा लंगडला तर शिलेदाराची रोजीच बुडत असे. मराठी शिलेदार घोड्याला जपून लढतो, अशी टीका परकीयांनी केली आहे. त्या जपण्यामागे हा हिशेब होता, हे टीकाकारांनी फारसे ध्यानात घेतले नाही.

आमच्या धारवाड-हुबळीच्या भूमीवर हा प्रश्न अधिकच स्पष्ट होतो. धारवाडच्या पश्चिमेस मलनाडचा तांबड्या मातीचा, खडकाळ, पावसाळी प्रदेश. पूर्वेस हुबळीपासून पुढे काळ्या मातीचे सपाट रान. खडीवर बिननाल खूर झिजते, काळ्या चिखलात सैल नाल उपटून निघते आणि उन्हाळ्यात कोरडे झालेले खूर खिळ्यापाशी तडकते. एकाच मोहिमेत ही तिन्ही संकटे घोड्यापुढे उभी राहत. थोरल्या माधवरावांनी १७६४ मध्ये धारवाड हैदरअलीकडून घेतले. पुढे ते पुन्हा म्हैसूरकरांकडे गेले, आणि परशुरामभाऊ पटवर्धनांनी १७९० च्या पावसाळ्याअखेर त्याला वेढा घातला. मुंबईकर इंग्रजांची कॅप्टन लिटल याची तुकडी त्यांच्या साहाय्यास होती. किल्ल्यात टिपूचा सरदार बद्रुज्जमानखान होता. १७९१ च्या एप्रिलात किल्ला हाती आला. लिटलच्या तुकडीतील एडवर्ड मूर या अधिकाऱ्याने १७९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या मोहिमेचे आणि मराठी छावणीचे वर्णन आहे. या वेढ्याच्या कथेत तोफा, दारूगोळ्याची टंचाई आणि दोस्तांमधील कुरबुरी यांची चर्चा होते. परंतु सहा महिन्यांहून अधिक काळ तळ देऊन बसलेल्या घोडदळाच्या प्रत्येक खुरावरून या अवधीत निदान चार वेळा हात फिरावयास हवा होता, ही गोष्टही त्याच इतिहासाचा भाग मानली पाहिजे.

विशेष हे की, ज्या १७९१ साली धारवाड पडले, त्याच साली लंडन येथे पशुवैद्यकाचे महाविद्यालय निघाले. ऑडिहॅम येथील एका कृषिमंडळाने नालबंदीची कला शास्त्राच्या पायावर उभी करावी असा जो आग्रह धरला होता, त्यातून ते उदयास आले. तेथेही रोगाचे ज्ञान आणि खुराचे काम यांची फारकत झाली होती. आपल्याकडे ती शब्दांतच दिसते. घोड्याचा वैद्य तो ‘सालोतरी’. हे नाव अश्वशास्त्राचा आद्य प्रवर्तक मानलेल्या शालिहोत्र ऋषीवरून आले. ‘नाल’ हा शब्द मात्र जोडा या अर्थाच्या अरबी ‘नअल’पासून आणि ‘बंद’ हा प्रत्यय फारसीतून आला. जयदत्ताच्या ‘अश्ववैद्यका’ची परंपरा एका घरी आणि हातोडी दुसऱ्या घरी! एकाने लंगडा केलेला घोडा दुसऱ्याने बरा करावयाचा, असा प्रकार झाला. पुण्यास १८६२ मध्ये लष्करी पशुवैद्यक शाळा आणि मुंबईस १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय निघाले, तेव्हा या देशात पशुवैद्यकाच्या पद्धतशीर शिक्षणाचा पाया घातला गेला.

तोच अरबी शब्द कन्नडात ‘लाळ’ होऊन राहिला आहे. ‘नालबंद’ हे आडनाव आणि त्या नावाचा समाज महाराष्ट्रात आहे, तसाच उत्तर कर्नाटकातही आहे. घोडे आणि टांगे रस्त्यावरून गेले, तरी बैलाच्या दुभंगलेल्या खुराला पत्री मारणारा कारागीर खेड्यापाड्यांत अजून भेटतो, आणि खिळा किंचित आत गेला तर शेतकऱ्याचा बैल ऐन नांगरटीत बसतो, हे तो जाणून असतो.

एका नालेपायी राज्ये बुडाली, असे म्हणणे पोरकटपणाचे होईल. राज्याच्या उदयास्ताची कारणे पुष्कळ आणि गुंतागुंतीची असतात. तथापि ज्या व्यवस्थेने कारागिराला हवालदाराबरोबर मोजले आणि ज्या व्यवस्थेने त्याच्या नावाची केवळ रक्कम मोजली, त्या दोहोंतील भेद इतिहासाच्या अध्यापकाने विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याजोगा आहे. सेनेची उतरंड फळ्यावर लिहिताना हवालदाराच्या शेजारी ‘पखालजी १, नालबंद १’ एवढे लिहावे, आणि १०० खुरांचा हिशेब मुलांकडूनच करवून घ्यावा.