लिव्हरपूलचा भाव आणि दख्खनचे कर्जखत

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्याच्या भीमथडी तालुक्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने व घरे यांवर हल्ला केला. या दंग्याचे मूळ अमेरिकेच्या यादवी युद्धात शोधण्याचा प्रघात आहे. १८६१ साली युद्ध सुरू झाले. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना. मुंबईस भाव चढले. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले आणि कुणबी कर्जात बुडाला, अशी ही साखळी होय.

साखळी आकर्षक आहे खरी. परंतु तिचा एक दुवा निखळलेला दिसतो. कापूस पिकविणारे मुलूख म्हणजे वऱ्हाड, खानदेश, धारवाड. दंगे झाले ते मुख्यत्वे पुणे व अहमदनगर या जिल्ह्यांतील ज्वारी-बाजरीच्या कोरड्या प्रदेशात, आणि तेही युद्धसमाप्तीनंतर दहा वर्षांनी! मग लिव्हरपूलचा भाव सुप्यास पोहोचला कसा?

तो कापसाच्या बोंडातून नव्हे, तर पतीच्या वाटेने पोहोचला, असे प्रस्तुत लेखकास वाटते. तेजीच्या वर्षांत धान्य महागले, रेल्वेच्या कामांवर मजुरी वाढली, आणि कुणब्याची ऐपत वाढली असे समजून सावकाराने हात सैल सोडला. सरकारचाही समज तोच झाला. इंदापूर तालुक्याची तीस वर्षांची जमाबंदी १८६७ साली संपताच सारा निम्म्याहून अधिक वाढविण्यात आला. पुढे धान्याचे भाव उतरले. सारा मात्र उतरला नाही, आणि सावकाराने हात आखडता घेतला.

त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याची भर पडली. कर्जखताची मुदत तीन वर्षे ठरली ती ऋणकोच्या रक्षणासाठी. व्यवहारात दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेण्याची रीत पडली. दंगेखोरांनी माणसांना फारशी इजा केली नाही. त्यांनी खते मागून घेतली व जाळली, ही गोष्ट या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

वऱ्हाडातील शेतकरी जागतिक व्यापारात प्रत्यक्ष विक्रेता म्हणून उतरला होता. सुप्याचा कुणबी तेथे काहीच विकत नव्हता, तरीही त्या व्यापाराची भरती-ओहोटी त्याच्या दाराशी आली. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने खताच्या मागे जाऊन मूळ हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायालयांस दिला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. कापसाचे खानदेश त्यांत नव्हते.