रावीची पारख आणि हैदराबादचा छापखाना

हदीसचे दोन भाग असतात: प्रेषित मुहंमदांचे वचन वा कृती सांगणारा मजकूर, आणि तो कोणी कोणाकडून ऐकला त्या माणसांची साखळी. या साखळीला इस्नाद म्हणतात, तिच्यातल्या प्रत्येकाला रावी. एक कडी कच्ची निघाली, तर मजकूर कितीही सुंदर असो, ती साखळी दुबळीच. त्यातूनच रावींची चरित्रे तपासणारे ‘अस्माउर्रिजाल’ हे शास्त्र उभे राहिले.

रावीची सचोटी आणि त्याच्या स्मरणाचा अचूकपणा या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या पारखल्या जात. या शास्त्राचे मोठेपण इथेच आहे. रोजे-नमाज चोख पाळणारा माणूसही विसरभोळा असेल, तर त्याच्या कथनावर भिस्त ठेवत नसत. अचूकपणा जोखण्यासाठी एकाच गुरूच्या अनेक शिष्यांची कथने ताडून पाहत. जो वारंवार एकटा पडे तो ‘जईफ’, म्हणजे दुबळा. इजिप्तचे काझी इब्न लहीआ (मृत्यू १७४ हिजरी) यांची पुस्तके जळाली आणि त्यांच्या कथनात चुका होऊ लागल्या, असे सांगतात. म्हणून अब्दुल्ला बिन मुबारक यांच्यासारख्या जुन्या शिष्यांनी त्यांच्याकडून ऐकलेले अनेक परीक्षकांनी अधिक भरवशाचे मानले.

खोटे पकडायला सनावळी हे तर हुकमी हत्यार होते. हिम्सच्या मशिदीत उमर बिन मूसा नावाचा रावी खालिद बिन मादान यांच्या नावावर हदीस सांगू लागला. तेव्हा उफैर बिन मादान यांनी विचारले, भेट कधी झाली? उत्तर आले, हिजरी १०८ साली, आर्मेनियाच्या मोहिमेत. खालिद तर १०४ सालीच वारले होते. शिवाय आर्मेनियाच्या मोहिमेवर ते कधी गेलेच नव्हते.

परीक्षकांचे बोलही तपासले जात. इमाम मालिक यांनी इब्न इसहाक या रावीवर कठोर शब्दांत टीका केली, तर दुसरे परीक्षक शुअबा यांनी त्यांनाच वाखाणले. समकालीनांच्या वैरातून आलेली टीका पुराव्यावाचून ग्राह्य धरू नये, असा दंडक पुढे रूढ झाला.

हे ज्ञान छापील रूपात जगभर पोहोचवण्यात दख्खनचा वाटा मोठा आहे. निजामाच्या हैदराबाद संस्थानाच्या राजधानीत १८८८ साली ‘दाइरतुल मआरिफ’ ही अरबी ग्रंथ छापणारी संस्था निघाली. तिच्या संस्थापकांत नांदेडला जन्मलेले मौलाना अन्वारुल्ला फारुकी होते. बुऱ्हाणपूरला जन्मलेल्या अली मुत्तकी यांचा ‘कन्जुल उम्माल’ हा हदीसचा प्रचंड संग्रह इथेच पहिल्यांदा छापला गेला. १९०७ ते १९०९ दरम्यान इब्न हजर यांच्या ‘तहजीबुत्तहजीब’ या रावींच्या चरित्रकोशाचे बारा खंड निघाले. संस्थान विलीन झाल्यावरही काम थांबले नाही. इब्न अबी हातिम (मृत्यू ३२७ हिजरी) यांचा ‘अल्-जर्ह वत्-तादील’ १९५२च्या सुमारास इथूनच बाहेर पडला, येमेनी विद्वान अब्दुर्रहमान मुअल्लिमी यांच्या संपादनाखाली. रावींच्या भरवशाच्या चार आणि दुबळेपणाच्या चार पायऱ्या या ग्रंथाने आखून दिल्या आहेत: वरच्या टोकाला पूर्ण भरवशाचा ‘सिका’, खालच्या टोकाला ज्याचे कथन टाकूनच द्यावे असा ‘मतरूक’.