विवाहविच्छेद आणि दांपत्याच्या मालमत्तेची वाटणी : पाटोदा परिसराच्या संदर्भात ऐतिहासिक विवेचन

बालाघाटच्या डोंगररांगेत, मांजरा नदीच्या उगमाजवळ वसलेला पाटोदा तालुका हा कोरडवाहू शेतीचा प्रदेश होय. 1948 पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 1956 मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला व 1960 मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. राजवटी बदलल्या, परंतु विवाह मोडल्यावर पत्नीने काय घेऊन जावे, या प्रश्नाचे उत्तर मात्र फारसे बदलले नाही. तिला जे दिले गेले ते तिचे. जे तिने पतीसह कमावले त्याविषयी कायदा बहुतांशी मौन पाळतो.

या मौनाची मुळे जुनी आहेत. मनुस्मृतीत स्त्रीधनाचे सहा प्रकार सांगितले असून ते सर्व दानाचे आहेत. कल्याणीच्या चालुक्य दरबारातील विज्ञानेश्वराने 'मिताक्षरे'त वारसा, खरेदी व वाटणी यांतून मिळालेल्या धनाचाही स्त्रीधनात समावेश केला. याज्ञवल्क्याचा एक नियम येथे विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. पतीने दुसरा विवाह केल्यास, पूर्वी स्त्रीधन न मिळालेल्या पहिल्या पत्नीला त्या विवाहाच्या खर्चाइतके धन द्यावे, असे तो सांगतो. ही भरपाई होती, वाटणी नव्हे. पतीने आपल्या हयातीत पुत्रांना समान वाटे दिले तर स्त्रीधन न मिळालेल्या पत्नीलाही तेवढाच वाटा मिळे. मात्र ती स्वतः वाटणी मागू शकत नसे. ज्या जातींत काडीमोड व पाट रूढ होते, तेथे विच्छेद सुलभ होता, पण जमीन पतीच्या घराण्यातच राहत असे.

1955 च्या हिंदू विवाह कायद्याने घटस्फोट व कायम पोटगी दिली. त्यातील कलम 27 नुसार विवाहप्रसंगी वा त्या सुमारास मिळालेल्या, उभयतांच्या समाईक वस्तूंबाबत न्यायालय हुकूम करू शकते. संसारात मिळवलेली शेती, विहीर वा घर यांचा त्यात निर्देश नाही. 1985 मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीधन ही पत्नीचीच संपूर्ण मालमत्ता असल्याचे स्पष्ट केले. मुस्लिम घटस्फोटितेला मेहर आणि विवाहात मिळालेल्या वस्तू परत मागता येतात. तेथेही पाया दिलेल्या धनाचाच आहे. महाराष्ट्राने 1994 मध्ये व केंद्राने 2005 मध्ये मुलीला सहदायाद केले, परंतु हा हक्क माहेरच्या जमिनीतला. विसंगती अशी की, पती मृत्यू पावल्यास विधवा त्याची प्रथम वर्गातील वारस ठरते. घटस्फोट झाल्यास तोच मार्ग बंद होतो.

पाटोद्यात हा प्रश्न ऊसतोडीमुळे अधिक तीव्र होतो. येथील असंख्य कुटुंबे दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात. पती-पत्नीची जोडी मिळून एक 'कोयता' मानला जातो. तो ऊस तोडतो, ती मोळ्या बांधते, वाहते आणि खोपीवरचा स्वयंपाकही सांभाळते. उचल मुकादमाकडून सामान्यतः पुरुषाच्या हाती येते; मजुरी टनावर व जोडीची ठरते. त्यामुळे तिच्या श्रमाची स्वतंत्र नोंद राहत नाही. उचलीतून गावी बांधलेल्या खोल्यांत तिचा हिस्सा किती, हे संसार मोडल्यावर तिने कोणत्या कागदाने सिद्ध करावे? न्यायालयाचे दार उघडे असले तरी पुरावा तिच्या हाती नसतो. उलट, फिटली नाही ती उचल पुढील हंगामावर चढते.

यावर उपाय सुचले नाहीत असे नाही. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मी मुक्ती' अभियानातून पुरुषांना पत्नीच्या नावे जमीन करण्याचे आवाहन केले. 1992 च्या शासकीय परिपत्रकाने पतीच्या अर्जावरून सातबाऱ्यावर पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावण्याची सोय झाली. परंतु तिचा आधार पतीची संमती हा आहे आणि संसार मोडताना नेमकी तीच उरत नाही. गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून, वेगळा विवाहपूर्व करार नसल्यास, दांपत्याची मालमत्ता समाईक मानली जाते आणि विच्छेदानंतर पत्नी निम्म्या वाट्याची धनी ठरते. उर्वरित देशासाठी पतीच्या स्थावर मालमत्तेत पत्नीला हिस्सा देऊ पाहणारे विधेयक राज्यसभेने 2013 मध्ये संमत केले. लोकसभेत ते प्रलंबित राहिले आणि 2014 मध्ये व्यपगत झाले.