मंडई कोण झाडतं?

पुण्याच्या मंडईला ज्यांचं नाव आहे, त्यांचाच मंडई बांधायला विरोध होता.

जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. तोवर शहराचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या पटांगणात भरायचा. त्याच्यासाठी शुक्रवार पेठेत मोठी दगडी इमारत बांधायचा विषय निघाला, तेव्हा एवढा पैसा इमारतीत घालण्यापेक्षा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, अशी फुल्यांची भूमिका होती. ती कुणी ऐकली नाही. १८८६ मध्ये इमारत खुली झाली आणि मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिला 'रे मार्केट' म्हणू लागले. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं.

पुण्यात हा किस्सा गंमत म्हणून सांगतात. मला मात्र त्यातला प्रश्न महत्त्वाचा वाटतो. सगळ्यांच्या सोयीची गोष्ट उभी करायला, आणि त्याहून जास्त म्हणजे ती चालू ठेवायला, पैसे कोणी द्यायचे? आणि ते इमारतीवर घालायचे की माणसांवर? मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझ्या धंद्यात हा प्रश्न जवळजवळ रोज समोर येतो, फक्त तिथे तो एररच्या रूपात येतो.

चारशे ओळींचा थयथयाट

आमच्या कामाचा रोजचा त्रास कसा असतो, ते आधी सांगतो. काल संध्याकाळपर्यंत नीट चालणारा प्रोग्रॅम आज सकाळी बिल्डच होत नाही. मी एक अक्षर बदललेलं नसतं. कंपायलर चारशे ओळींचा एरर फेकतो. खरं दुखणं पहिल्या दोन ओळींत असतं, बाकी सगळा थयथयाट. माग काढत गेलं की कळतं, आपण वापरतो ती लायब्ररी दुसऱ्या एका लायब्ररीवर उभी आहे, ती तिसरीवर, आणि त्या तिसरीची आवृत्ती रात्रीत बदलली आहे. ती सांभाळणारा माणूस जगाच्या पाठीवर कुठेतरी नोकरी करून उरलेल्या वेळात हे काम करत असतो. त्याच्याकडे शेकडो तक्रारी पडलेल्या असतात. आम्ही त्याला आजवर दिलेले पैसे : शून्य.

मी आधी होतो त्या कंपनीत अशाच एका लायब्ररीतला दोष मी दुरुस्त केला. दुरुस्ती सहा ओळींची होती. ती मूळ प्रकल्पाला पाठवू का, असं विचारलं तर प्रकरण कायदा विभागाकडे गेलं आणि तिथेच राहिलं. मी नोकरी सोडेपर्यंत उत्तर आलं नाही. तोवर प्रत्येक नवी आवृत्ती आली की आम्ही त्याच सहा ओळी पुन्हा हाताने चिकटवत होतो. फुकट घ्यायला कुणाची सही लागली नव्हती, परत द्यायला मात्र लागत होती.

झुरिक ते मंगलदास रोड

कंपायलर म्हणजे आपण लिहिलेल्या प्रोग्रॅमचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम. पुण्याचा या क्षेत्राशी संबंध जुना आहे, आणि शहरातल्या बहुतेक इंजिनिअरांना तो माहीत नाही.

१९७० च्या दशकात प्रत्येक कंपनीचं मशीन वेगळं असायचं आणि प्रत्येकासाठी कंपायलर नव्याने लिहावा लागायचा. झुरिकमध्ये निकलाउस विर्थ यांच्या गटाने पास्कल भाषेसाठी यावर उपाय काढला. कंपायलरने खऱ्या मशीनऐवजी एका काल्पनिक मशीनसाठी कोड तयार करायचा. नव्या मशीनवर मग त्या काल्पनिक मशीनची नक्कल करणारा छोटासा प्रोग्रॅम लिहिला की काम भागतं. याला 'पास्कल-पी' म्हणतात. पुढे अमेरिकेतल्या यूसीएसडी पास्कलचा पाया हाच होता, आणि जावाने नंतर जगभर नेलेली कल्पना साधारण हीच. पास्कल-पीच्या बांधणीवरची टिपणं ज्या पाच जणांच्या नावावर आहेत, त्यांत पहिलं नाव आहे केसव नोरी.

हेच नोरी पुढे पुण्यात आले. टाटांनी १९८१ मध्ये पुण्यात टीआरडीडीसी ही संशोधन संस्था सुरू केली होती. मंगलदास रोडवरच्या या संस्थेत नोरी आणि त्यांचे सहकारी कंपायलरवर काम करत होते. डिसेंबर १९८७ मध्ये संगणकशास्त्रातली एफएसटीटीसीएस ही देशातली महत्त्वाची परिषद पुण्यात भरली, तेव्हा तिच्या शोधनिबंधांचं संपादन नोरींनीच केलं.

मुंबईतही काम चालू होतं. मंडईपासून चालत दहा मिनिटांवर अप्पा बळवंत चौकात 'सिस्टिम्स प्रोग्रॅमिंग'चं जे जाड पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या जुन्या भावात विकलं गेलं, त्याचे लेखक धनंजय ढमढेरे आयआयटी मुंबईत प्राध्यापक होते. एकदा केलेला हिशेब प्रोग्रॅमने पुन्हा करू नये, यासाठी कंपायलरने काय करायचं, या विषयावर त्यांचं संशोधन आहे. आम्ही ते पुस्तक परीक्षेच्या आदल्या रात्री वाचलं. त्यावरचं नाव जगातल्या कंपायलरवाल्यांना ओळखीचं आहे, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

बाजार कुणाचा?

त्याच १९८७ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमनने जीसीसी हा कंपायलर प्रसिद्ध केला. घ्या, वापरा, आतलं बघा, बदला, पुढे वाटा. तोवर चांगला कंपायलर म्हणजे विकत घ्यायची महाग वस्तू होती. आज तुमच्या घरातला वायफायचा राउटर किंवा तुमची बँक ज्यावर चालते तो सर्व्हर, यांतलं काही ना काही जीसीसीतून गेलेलं असण्याची शक्यता खूप मोठी आहे.

पण फुकट मिळतं म्हणून भांडणं होत नाहीत, असं नाही. नव्वदच्या दशकात जीसीसीचं काम रेंगाळलं. लोकांनी पाठवलेल्या सुधारणा पडून राहायला लागल्या. १९९७ मध्ये वैतागलेल्या प्रोग्रॅमरांनी 'एग्ज' नावाची वेगळी चूल मांडली. ती इतकी चांगली चालली की १९९९ मध्ये मूळ प्रकल्पाने तिलाच अधिकृत जीसीसी मानलं. योगायोग असा की १९९७ मध्येच एरिक रेमंडने आपला प्रसिद्ध निबंध मांडला. सॉफ्टवेअर बांधायच्या दोन तऱ्हा, असं तो म्हणतो. एक चर्चसारखी, थोड्या जाणत्यांनी बंद दाराआड बांधायची. दुसरी बाजारासारखी, ज्याला यायचं त्याने यावं, गलका करावा, आणि त्यातूनच चांगलं काम उभं राहावं.

रेमंडला मंडई माहीत असती तर त्याने उपमा जरा जपून वापरली असती, असं मला वाटतं. बाजारात गलका असतो हे खरं, पण बाजार गलक्यावर चालत नाही. मंडईत गाळा आहे, गाळ्याचं भाडं आहे, पाणी आणि दिवे आहेत. तराजूवर सरकारी शिक्का लागतो. आणि दिवसाच्या शेवटी कोबीची पानं नि सडके टोमॅटो उचलणारं कुणीतरी असतं. त्या माणसाला पगार मिळतो. ओपन सोर्सच्या बाजारात गिऱ्हाईक अब्जावधी आहेत, गाळे लाखो आहेत, आणि झाडणारा मात्र बहुतेक वेळा स्वतःच्या खिशाने झाडतो.

पुण्याचा एक गाळा

पुण्याने या बाजारात फक्त खरेदीच केली, असंही नाही. केपीआयटी कमिन्स या पुण्याच्या कंपनीने हिताची आणि पुढे रेनेसास यांच्या चिपसाठी जीसीसीवर आधारित साधनं तयार करून कित्येक वर्षं फुकट दिली, वर लोकांच्या शंकाही सोडवल्या. परदेशातले इंजिनिअर त्यांना 'केपीआयटी ग्नू टूल्स' याच नावाने ओळखायचे. नॅशनल सेमिकंडक्टर कंपनीच्या सीआर१६ या छोट्या प्रोसेसरसाठी जीसीसीत जो भाग लागतो, तो याच कंपनीने लिहून दिला. २०१२ पासून त्या फायलींच्या माथ्यावर केपीआयटी कमिन्सचं नाव होतं. जगातला सगळ्यात जास्त वापरला जाणारा एक कंपायलर, आणि त्यात पुण्याचा एक गाळा.

तो गाळा आता नाही. २०२३ मध्ये आलेल्या जीसीसीच्या १३ व्या आवृत्तीत सीआर१६ चा आधार काढून टाकलेला आहे. यात कुणाचा दुष्टपणा नाही. प्रोसेसर जुना झाला, आणि कंपायलरचं आतलं अंग बदलत गेलं की प्रत्येक प्रोसेसरचा भाग कुणीतरी सोबत बदलत न्यावा लागतो. तसं कुणी नसेल तर तो भाग आधी कालबाह्य जाहीर होतो आणि मग जातो. लिहिलेला कोड एकदा दिला की दान पूर्ण होत नाही, एवढं यातून कळतं.

म्हणूनच सांभाळणारी माणसं तयार करणं महत्त्वाचं. उदय खेडकर आधी पुणे विद्यापीठात शिकवायचे, मग आयआयटी मुंबईत गेले. तिथे त्यांनी जीसीसी रिसोर्स सेंटर उभं केलं आणि जीसीसीच्या पोटात काय आहे, ते समजावणाऱ्या कार्यशाळा घेतल्या. कंपायलर वापरायला शिकवणारे क्लास पुण्यात गल्लोगल्ली आहेत. तो उघडून आत हात घालायला शिकवणारी अशी ठिकाणं फार थोडी.

तराजूवरचा शिक्का

हे सगळं आमच्या धंद्यापुरतं असतं, तर मी एवढं लिहिलं नसतं. पण कंपायलर हा तराजू आहे, आणि तराजूचा प्रश्न गिऱ्हाइकाचाही असतो. १९८३ मध्ये केन थॉम्प्सन या युनिक्सच्या जनकाने ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात दाखवलं की कंपायलरमध्येच चोरवाट लपवता येते. तुम्ही प्रोग्रॅम वाचाल, तो स्वच्छ दिसेल. कंपायलरचा मजकूर वाचाल, तोही स्वच्छ दिसेल. आणि तरीही तयार झालेल्या मालात चोर असेल.

चाळीस वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, त्याच जातीची गोष्ट खरोखर घडली. एक्सझेड ही फायली दाबून लहान करणारी लायब्ररी बहुतेक सगळ्या लिनक्सवर असते. ती अनेक वर्षं मुख्यतः एकच माणूस, लासे कोलिन, सांभाळत होता. तो थकला होता आणि तसं त्याने लिहिलंही होतं. 'जिया टॅन' असं नाव लावणाऱ्या कुणीतरी दोनेक वर्षं नम्रपणे मदत केली, विश्वास मिळवला, हातात किल्ल्या घेतल्या आणि ५.६.० या आवृत्तीत चोरवाट घातली. तिला जागं करणारी ओळ सगळ्यांना दिसणाऱ्या कोडमध्ये नव्हतीच. ती होती बिल्ड करायच्या सामानात, जिकडे आम्ही सगळे कंटाळून बघायचं टाळतो तिथे. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला आपल्या मशीनवरचं लॉगिन साधारण अर्ध्या सेकंदाने हळू झालेलं दिसलं, आणि तो कारण शोधत बसला, म्हणून ती सापडली. नाहीतर जगभरच्या सर्व्हरांची कुलपं उघडी पडली असती.

हल्ला कोडवर नव्हता, एका दमलेल्या माणसावर होता. दहा वर्षांपूर्वी, २०१४ मध्ये, ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड हा दोष उघड झाला तेव्हाही हेच दिसलं होतं. अर्ध्या इंटरनेटचे व्यवहार ज्यावर सुरक्षित होते, त्या प्रकल्पाला वर्षाला साधारण २००० डॉलर देणग्या मिळत होत्या.

इथे फुल्यांची भूमिका मला पुन्हा आठवते. ती इमारत की माणूस, अशी निवड होती. आमच्या धंद्यात इमारतींना कधी पैसा कमी पडत नाही. काचेचे टॉवर होतात, डेटा सेंटर होतात, क्लाउडची बिलं दर महिन्याला बिनबोभाट भरली जातात. माणसांच्या रकान्यात मात्र शून्य. ते बदलता येतं. जर्मनीने २०२२ मध्ये अशा प्रकल्पांसाठी सरकारी निधी सुरू केला. बंगळुरूच्या झिरोधाने २०२४ मध्ये वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला.

पुण्यात हिंजवडीपासून खराडीपर्यंत आपण हजारो जण रोज या मंडईतून पिशव्या भरून नेतो. कुणी म्हणेल, माझ्या एकट्याच्या हातात काय आहे? निदान आपली कंपनी कोणत्या दहा प्रकल्पांवर उभी आहे, त्याची यादी करणं हातात आहे. त्या यादीपुढे एक रक्कम लिहा, असा मेल मॅनेजरला पाठवणं हातात आहे. आणि दुरुस्त केलेल्या सहा ओळी परत द्यायला परवानगी मागताना, पहिल्या नकारावर न थांबणंही.