आग़ा झैनब : खानदेशची राजकन्या, बीदरची सून आणि लळिंगवर संपलेले युद्ध

१/ धुळ्याच्या दक्षिणेस, मुंबई-आग्रा महामार्गालगत लळिंगचा किल्ला उभा आहे. १४३७ मध्ये खानदेशचा सुलतान नसीरखान फारुकी पराभूत होऊन या किल्ल्याच्या आश्रयास आला आणि त्याच वर्षी निवर्तला. या युद्धाचे कारण इतिहासकार फरिश्ता सांगतो ते असे : सुलतानाच्या लेकीने सासरहून माहेरी केलेली तक्रार. आजचा धागा त्या लेकीविषयी. 🧵

२/ प्रथम थोडी पार्श्वभूमी. फिरोजशहा तुघलकाने १३७० मध्ये मलिक राजा फारुकी यास थाळनेर-करवंदचा मुलूख दिला. दिल्लीची पकड सैल होताच १३८२ च्या सुमारास मलिक राजा स्वतंत्रपणे वागू लागला. थाळनेर म्हणजे आजच्या धुळे जिल्ह्यातील, शिरपूर तालुक्यातील तापीकाठचे गाव. खानदेशच्या सुलतानशाहीचे पहिले ठाणे तेच.

३/ हे राज्य लहान आणि शेजारी बलाढ्य. पश्चिमेस गुजरात, उत्तरेस माळवा, दक्षिणेस बहमनी. केवळ फौजेच्या बळावर तगणे अशक्य होते. म्हणून फारुकींनी सोयरिकीचा आधार घेतला. मलिक राजाने आपली मुलगी माळव्याच्या दिलावरखानाच्या मुलास, म्हणजे पुढे सुलतान झालेल्या होशंगशहास दिली आणि दिलावरखानाची मुलगी आपल्या नसीरखानासाठी केली. आपल्याकडे यालाच साटेलोटे म्हणतात.

४/ या साटेलोट्याचे फळ लवकरच मिळाले. १३९९ मध्ये मलिक राजा वारला, तेव्हा लळिंग नसीरखानाकडे आणि थाळनेर धाकट्या इफ्तिखारकडे होते. १४१७ मध्ये नसीरने सख्ख्या भावाकडून थाळनेर हिसकावून घेतले. त्या वेळी फौज आली ती माळव्याहून, म्हणजे बहिणीच्या सासरहून! राजकन्येचे लग्न हा शिक्क्याच्या कागदाहून भक्कम तह होता, तो असा.

५/ ही रीत एकट्या खानदेशची नव्हे. डेन्मार्कचा राजा चौथा वाल्डेमार याची मुलगी मार्ग्रेट १३५३ मध्ये जन्मली आणि १३६३ मध्ये, वयाच्या दहाव्या वर्षी, नॉर्वेच्या राजास दिली गेली. वडिलांच्या मृत्यूनंतर तिने आपल्या लहानग्या मुलास डेन्मार्कच्या गादीवर बसवले आणि त्याच्या अकाली निधनानंतर स्वतःच कारभार हाती घेतला. १३९७ मध्ये डेन्मार्क, नॉर्वे व स्वीडन ही तिन्ही राज्ये काल्मार येथे एका छत्राखाली आली, ती तिच्याच कर्तृत्वाने.

६/ मार्ग्रेट १४१२ मध्ये वारली. त्यानंतर पुढे नसीरखानाची मुलगी आग़ा झैनब सून म्हणून बीदरला गेली. सुलतान अहमदशहा बहमनीने आपला पुत्र अलाउद्दीन याच्यासाठी तिला मागणी घातली होती. नसीरला गुजरातचे भय होते. बहमनींशी सोयरीक म्हणजे दक्षिणेकडून अभय. लेक गेली ती या हिशेबाने.

७/ १४३६ मध्ये अलाउद्दीन गादीवर आला आणि झैनब सुलतानाची बेगम झाली. पुढे कोकणच्या मोहिमेत संगमेश्वरच्या राजाची मुलगी बहमनींच्या हाती लागली. सुलतानाने तिच्याशी लग्न केले आणि दरबाराने तिला ‘सुंदर चेहऱ्याची’ अशा अर्थाचे फारसी नाव दिले. सुलतानाचा सारा ओढा तिच्याकडे वळला. झैनबने वडिलांना कळवले.

८/ येथे क्षणभर थांबू या. ही गोष्ट ‘सवतीमत्सर’ म्हणून सांगण्याची प्रथा आहे. वस्तुतः दोघीही राजकन्याच. एक तहाने आलेली, दुसरी मोहिमेत हाती लागलेली. एकीचा मान हा खानदेशचा मान होता. दुसरीचे तर माहेरचे नावही दरबाराने पुसले. दोघींपैकी कोणालाही कोणी विचारले नव्हते.

९/ नसीरखानाने वऱ्हाडावर स्वारी केली. पण ही केवळ लेकीची कड होती काय? फरिश्ताच पुढे सांगतो की गुजरातच्या अहमदशहाचे त्यास उत्तेजन होते आणि वऱ्हाडातील अनेक सरदार आधीच त्याला फितूर झाले होते. फारुकी स्वतःस खलिफा उमर फारूक यांचे वंशज म्हणवीत. त्या कुळाचाही प्रभाव होताच. बहमनी सुभेदार नरनाळ्याच्या किल्ल्यात कोंडला गेला.

१०/ बहमनींनी खलफ हसन बसरी यास धाडले. आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील रोहिणखेड घाटात नसीरचा मोड झाला. विजयी फौजेने बुऱ्हाणपूर लुटले, तेथील वाडे उद्ध्वस्त केले. नसीर लळिंगकडे हटला. सुलतानपूर-नंदुरबारच्या वाटेने गुजरातची कुमक येत असल्याची वार्ता होती. ती पोहोचण्यापूर्वीच खलफ हसनने लळिंगजवळ त्यास पुन्हा हरवले.

११/ नसीरखान तेथेच वारला. त्याचा देह थाळनेरला नेऊन वडिलांशेजारी दफन करण्यात आला. झैनबच्या माहेरचा आधार संपला. ज्या सासरशी जोडण्यासाठी तिला दिले, त्याच सासरने तो संपवला.

१२/ परिणाम एवढ्यावर थांबले नाहीत. खलफ हसनची भिस्त परदेशी, म्हणजे आफाकी सैनिकांवर होती. या विजयानंतर सुलतानाने आफाकींना दरबारात उजवी बाजू दिली. दखनी व हबशी डावीकडे गेले. बहमनी राज्य पोखरणाऱ्या आफाकी-दखनी वैराला या मानापमानाने आणखी धार चढली.

१३/ पुढेही फारुकींचे भवितव्य लेकीबाळींच्या नात्यांवर ठरत राहिले. १५०९ च्या सुमारास गुजरातचा महमूद बेगडा जातीने थाळनेरला आला आणि त्याने तिसऱ्या आदिलखानास गादीवर बसवले. कारण तो त्याच्या मुलीचा मुलगा! आदिलखानाचा पुत्र मिरान मुहंमद हा बहादूरशहाचा भाचा. १५३७ मध्ये बहादूरशहा मारला गेल्यावर गुजरातच्या सरदारांनी या भाच्यासच सुलतान मानले. पण अहमदाबादला पोहोचण्यापूर्वीच तो वारला. आईच्या नात्याने गादी, हा मार्ग्रेटच्या मुलाचाच प्रकार.

१४/ १५६४ मध्ये अकबर मांडूला आला, तेव्हा मिरान मुबारकशहाने आपली मुलगी त्यास दिली. आंदण म्हणून बीजागढ व हंडिया हे प्रांत. ग्रंथांत ती ‘मुबारकशहाची मुलगी’ एवढ्याच ओळखीने येते. प्रांतांची नावे मात्र नीट नोंदली आहेत. या सोयरिकीनेही राज्य वाचले नाही. १६०१ च्या आरंभी असीरगड पडला आणि फारुकी सत्ता संपली.

१५/ एक सावधगिरी. फरिश्ताने हे लिहिले ते घटनेनंतर सुमारे पावणेदोनशे वर्षांनी, दक्षिणेतील दरबारात बसून. ‘बाईमुळे युद्ध झाले’ ही मांडणी दरबारांना सोयीची असते. त्यात फितुरी, महत्त्वाकांक्षा आणि शेजाऱ्यांची चिथावणी झाकली जाते. झैनबची तक्रार खरी मानली, तरी ती तह मोडल्याची तक्रार होती. तिच्या हातात तेवढाच अधिकार होता आणि तो तिने वापरला.

१६/ मार्ग्रेट आणि झैनब यांत बुद्धीचा फरक होता असे म्हणण्यास आधार नाही. फरक परिस्थितीचा. एकीच्या वडिलांच्या गादीवर दुसरा मुलगा उरला नव्हता आणि तिच्या मुलाचा हक्क सरदारांनी मान्य केला. दुसरीच्या माहेरी भाऊ होता, पुढे तोच सुलतान झाला.

१७/ लळिंगला जाल तेव्हा तटावरून उत्तरेकडे पाहा. त्याच दिशेला तापीकाठी थाळनेर आहे, जिथे फारुकी सुलतानांच्या कबरी आजही उभ्या आहेत. सुलतानांची नावे तेथील माहितीत सापडतील. त्यांच्या लेकींची नावे आपण सांगत राहू या. ∎