केप हॉर्नचा किनारा, म्हातारी जखम आणि ताजी मिरची

"डॉक्टर, हिरड्यांतून रक्त येतं, व्हिटॅमिन सी च्या गोळ्या लिहून द्या." दवाखान्यात ही मागणी नेहमीची आहे. बहुतेक वेळा कारण दातांवर साचलेला थर आणि सुजलेल्या हिरड्या हेच असते. त्याला गोळी नव्हे, दंतवैद्य लागतो. पण हिरड्यांतले रक्त आणि सी जीवनसत्त्व यांची जोडी लोकांच्या मनात इतकी पक्की कशी बसली, याची गोष्ट मोठी आहे. ती शिडाच्या जहाजांवर आणि निर्जन किनाऱ्यांवर घडली. कोरीटसारख्या गावातून समुद्र लांब वाटतो. आपल्या जिल्ह्यातून वाहणारी तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते, तेवढाच आपला त्याच्याशी संबंध. तरी या गोष्टीचा आपल्या ताटाशी संबंध आहे, म्हणून आज ती सविस्तर सांगतो.

मोहिमेवर कोण निघाले होते?

सप्टेंबर १७४० मध्ये इंग्लंडहून कमोडोर जॉर्ज अ‍ॅन्सन यांच्या हाताखाली सहा लढाऊ जहाजे आणि मालवाहू दोन जहाजे निघाली. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला वळसा घालून पॅसिफिक महासागरात शिरायचे आणि स्पेनच्या जहाजांवर हल्ले करायचे, अशी योजना होती. माणसे होती सुमारे १९००.

ही माणसे जमवली कशी, हे डॉक्टर म्हणून मला महत्त्वाचे वाटते. सैनिक कमी पडत होते. म्हणून लंडनच्या चेल्सी रुग्णालयाच्या यादीवरचे ५०० निवृत्त, अपंग सैनिक जहाजांवर पाठवा, असा हुकूम निघाला. ज्यांना चालता येत होते ते पळून गेले. उरलेले २५९ जहाजावर चढवले गेले. त्यांतले बहुतेक साठीच्या पुढचे आणि काही सत्तरीच्या पुढचे होते. पुढे काय होणार, हे काही अंशी बंदरातच ठरले होते.

केप हॉर्नच्या वाटेवर

मार्च १७४१ मध्ये जहाजे अमेरिकेच्या दक्षिण टोकाशी पोहोचली आणि वादळांत सापडली. पश्चिमेकडून येणारा वारा, डोंगराएवढ्या लाटा, कडाक्याची थंडी. पण माणसे लाटांपेक्षा आजाराने जास्त मेली. अन्न म्हणजे खारवलेले मांस, कडक बिस्किटे आणि वाटाणे. ताजे काहीच नाही. अ‍ॅन्सन यांच्या 'सेंच्युरियन' जहाजावर एप्रिलमध्ये ४३ माणसे दगावली, मे महिन्यात त्याच्या जवळपास दुप्पट.

लक्षणे अशी होती: विलक्षण थकवा, पायांवर काळेनिळे डाग, सुजून दातांवर चढलेल्या आणि रक्ताळलेल्या हिरड्या, हलणारे दात. झोपून असलेला माणूस बरा दिसे, पण उठून चार पावले चालला की कोसळून मरे. मोहिमेच्या वृत्तान्तात एका म्हाताऱ्या सैनिकाची हकीकत आहे. तो १६९० च्या बॉइनच्या लढाईत जखमी झाला होता. पन्नास वर्षांपूर्वी भरलेल्या त्याच्या जखमा जहाजावर पुन्हा उघडल्या. पूर्वी मोडून जुळलेले हाडही पुन्हा सुटे झाले.

जून १७४१ मध्ये जहाजे हुआन फर्नांडिस बेटाला लागली. तिथे पोहोचलेल्या तीन लढाऊ जहाजांवर इंग्लंड सोडताना मिळून ९६१ माणसे होती. त्यांपैकी ६२६ मेली होती. वाचलेल्यांनी बेटावरचा ताजा भाजीपाला खाल्ला आणि थोड्याच दिवसांत मृत्यू थांबले. पुढे अ‍ॅन्सन यांनी स्पेनचे खजिन्याचे जहाज पकडले आणि १७४४ मध्ये ३२ गाड्या भरून चांदी लंडनमधून मिरवत नेली. ते पाहायला पहिल्या ताफ्यातली फार थोडी माणसे उरली होती.

शरीरात नेमके काय बिघडते?

हा आजार म्हणजे स्कर्व्ही. आपले शरीर म्हणजे पेशींच्या विटांची भिंत समजा. विटा एकत्र धरणारा चुना म्हणजे कोलॅजेन नावाचे प्रथिन. कातडी, हिरड्या, रक्तवाहिन्यांच्या भिंती, हाडे आणि जखमेचा व्रण यांत ते असते. कोलॅजेनचे धागे पक्के विणायला सी जीवनसत्त्व लागते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. भरलेली जखम म्हणजे कायमची लावलेली ठिगळाची शिवण नव्हे. व्रणातले कोलॅजेन सतत झिजते आणि सतत नवे विणले जाते. विणकाम थांबले की झीज तेवढी चालू राहते आणि पन्नास वर्षांची शिवण उसवते. त्या म्हाताऱ्या सैनिकाचे तसेच झाले.

गाय, शेळी, कुत्रा हे प्राणी सी जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. माणसाला ते जमत नाही. आपल्या अंगात साधारण दीड ग्रॅम साठा असतो. आहारातून काहीच मिळाले नाही तर एक ते तीन महिन्यांत तो इतका उतरतो की लक्षणे दिसू लागतात. लांब समुद्रप्रवास नेमका तेवढाच चाले.

आपल्या किनाऱ्यावरही हेच घडले होते. वास्को द गामा ऑक्टोबर १४९८ मध्ये कारवारजवळच्या अंजदीव बेटाहून परत निघाला. वारा नसल्याने आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागायला जवळपास तीन महिने लागले. तेवढ्यात ३० माणसे स्कर्व्हीने गेली. प्रत्येक जहाजावर काम करू शकणारी सात-आठ माणसे उरली होती.

निर्जन किनाऱ्यावरचा हिरवा पाला

अ‍ॅन्सन यांच्या ताफ्यातले 'वेजर' हे जहाज मे १७४१ मध्ये पॅटागोनियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ एका बेटावर फुटले. सुमारे १४० माणसे किनाऱ्याला लागली. थंडी, पाऊस, दलदल; जवळपास ना शेती, ना बाजार. पण तिथे कोथिंबिरीच्या कुळातली रानटी सेलरी उगवत होती. ती खाऊन स्कर्व्ही झालेले लोक सुधारले. उपासमार, भांडणे आणि बंड यांनी पुढे त्यांतले बरेच जण मेले, पण तो वेगळा इतिहास आहे. ज्या किनाऱ्याला ते शाप देत होते, त्याच किनाऱ्यावर त्यांचे औषध उगवले होते.

बारा खलाशी

मे १७४७ मध्ये 'सॅलिसबरी' जहाजावरचे डॉक्टर जेम्स लिंड यांनी स्कर्व्हीचे बारा रुग्ण निवडले. सर्वांना एकाच जागी ठेवले, सर्वांना जेवण सारखेच दिले आणि दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीला सफरचंदाची आंबवलेली दारू, दुसरीला पातळ केलेले गंधकाचे आम्ल, तिसरीला व्हिनेगर, चौथीला समुद्राचे पाणी, पाचवीला लसूण-मोहरीचे चाटण आणि सहावीला रोज दोन संत्री व एक लिंबू. सहा दिवसांत फळे संपली, पण तेवढ्यात त्या जोडीतला एक जण कामावर परतला. औषधांची एकमेकांशी अशी रीतसर तुलना हा वैद्यकाच्या इतिहासातला पाया मानला जातो.

लिंड यांचा ग्रंथ १७५३ मध्ये आला आणि तो अ‍ॅन्सन यांनाच अर्पण केलेला होता. ब्रिटिश नौदलाने सर्व जहाजांवर लिंबाचा रस देण्याचे ठरवले ते १७९५ मध्ये. मधल्या काळात काय झाले? फळे टिकत नाहीत म्हणून लिंड यांनीच रस आटवून त्याचा पाक करण्याची शिफारस केली होती. तापवल्याने सी जीवनसत्त्व नष्ट होते, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. पाक निरुपयोगी ठरला आणि लिंबावरचा विश्वासही डळमळला.

माहीत झालेले पुन्हा विसरले

१७९५ नंतर रोज सुमारे २० मिलिलिटर रस मिळू लागला आणि नौदलातून स्कर्व्ही जवळजवळ गेली. पण रस का लागू पडतो, हे कळलेले नव्हते. आंबटपणामुळेच गुण येतो, असा समज होता. मग १८६० च्या दशकात भूमध्य समुद्राकडची पिवळी लिंबे सोडून वेस्ट इंडीजमधली छोटी हिरवी लिंबे घेतली गेली. ती आंबट होती, पण त्यांत सी जीवनसत्त्व कमी होते. रस साठवताना आणखी कमी होई. वाफेच्या जहाजांमुळे प्रवास लहान झाले होते, त्यामुळे ही चूक लवकर लक्षात आली नाही. १८७५ मध्ये उत्तर ध्रुवाकडे गेलेल्या ब्रिटिश मोहिमेत स्कर्व्ही पुन्हा उसळली आणि मोहीम ठरल्याआधी परत फिरली. त्यानंतर कित्येक डॉक्टर 'लिंबाचा काही उपयोग नाही, हा आजार खराब मांसातल्या विषाने होतो' असे सांगू लागले.

याचा चटका आपल्या माणसांनाही बसला. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या कूत येथे पुणे डिव्हिजनला वेढा पडला. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. ताजा भाजीपाला संपला आणि घोड्याचे मांस खाण्यास नकार देणाऱ्या हिंदी सैनिकांत स्कर्व्ही पसरली. त्याच काळात झालेल्या प्रयोगांतून दिसले की कोरड्या कडधान्यात स्कर्व्ही थांबवण्याची ताकद नसते, पण भिजवून मोड आणले की ती येते. आपली मटकीची उसळ त्या दृष्टीने मौल्यवान आहे.

मिरचीतून सापडलेले उत्तर

१९०७ मध्ये नॉर्वेच्या होल्स्ट आणि फ्रोलिच यांनी गिनीपिगला नुसते धान्य देऊन स्कर्व्ही निर्माण केली. योगायोगाने गिनीपिगलाही सी जीवनसत्त्व तयार करता येत नाही. पुढे हंगेरीचे अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी वेगळा केलेला पदार्थ म्हणजेच सी जीवनसत्त्व, हे १९३२ मध्ये सिद्ध झाले. ते भरपूर प्रमाणात हवे होते, आणि मिळाले ते त्यांच्या सेगेड गावच्या प्रसिद्ध लाल मिरचीतून. १९३७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

नंदुरबारच्या वाचकाला हे वाचून बरे वाटेल. पण एक भेद लक्षात ठेवा. ताज्या मिरचीत लिंबापेक्षाही जास्त सी जीवनसत्त्व असते. पथारीवर उन्हात वाळवून तिखट केले की त्यातले बहुतेक निघून जाते. भाकरीबरोबर तिखट-मीठ खाणे आणि हिरवी मिरची खाणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्याच किनाऱ्यावरून आपली माणसे

कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून एकटे निघाले आणि केप हॉर्नला वळसा घालून मे २०१० मध्ये परतले. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. नौका गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली होती. तिथेच बांधलेल्या 'तारिणी'वरून सप्टेंबर २०१७ मध्ये लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि नौदलाच्या आणखी पाच महिला अधिकारी गोव्याहून निघाल्या. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी केप हॉर्न ओलांडले आणि २५४ दिवसांनी, मे महिन्यात सहाही जणी परतल्या.

वारा तोच, लाटा त्याच, थंडी तीच. फरक होता तो निघण्याआधीच्या तयारीत. या सहा जणी स्वतःहून पुढे आल्या होत्या. दोंदे यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी शिक्षण घेतले, आधी छोट्या फेऱ्या केल्या. स्कर्व्ही का होते हे ठाऊक असल्याने तिची भीती त्यांना नव्हती. धोका संपला असे मात्र नाही. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये हिंदी महासागरात वादळात कमांडर अभिलाष टॉमी यांच्या पाठीला जबर इजा झाली. त्यांना हलताही येत नव्हते आणि मदत पोहोचायला तीन दिवस लागले.

आपल्यासाठी याचा अर्थ

उपाय माहीत असून भागत नाही. तो का लागू पडतो हे माहीत नसेल तर तो हातातून निसटतो. घरातही हेच होते. म्हणून:

- सी जीवनसत्त्वाची रोजची गरज पुरुषांना साधारण ८० आणि स्त्रियांना ६५ मिलिग्रॅम आहे. एक पेरू किंवा एक आवळा त्यासाठी पुरेसा. आपल्या कागदी लिंबातही ते असते, पण आवळा-पेरूपेक्षा बरेच कमी.
- लिंबू उकळत्या वरणात पिळू नका, ताटात वाढल्यावर पिळा. त्यामुळे भाजी-भाकरीतले लोहही जास्त शोषले जाते. रक्त कमी असणाऱ्यांनी हे मुद्दाम करावे आणि जेवणाबरोबर चहा टाळावा.
- संत्र्याच्या रंगाचे आणि आंबट चवीचे पेय म्हणजे सी जीवनसत्त्व नव्हे.
- एकटे राहणारे, चहा-पोळीवर दिवस काढणारे वृद्ध, दारूचे व्यसन असणारे, पथ्याच्या नावाखाली फळभाजी सोडलेले आणि डायलिसिसवरचे रुग्ण यांच्यात कमतरता आजही होऊ शकते. थकवा, पायांवर डाग, न भरणारी जखम आणि रक्ताळलेल्या हिरड्या एकत्र दिसल्या तर दाखवा.
- सिकलसेल किंवा थॅलेसेमियासाठी वारंवार रक्त घ्यावे लागणाऱ्यांनी आणि मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी सी च्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.
- ऊसतोडीला चार-सहा महिने बाहेर जाणाऱ्या कुटुंबांनी पीठ-तिखटाबरोबर मटकी, मूग न्यावेत आणि मोड आणून खावेत. आठवड्याच्या बाजारात तेलाइतकेच लिंबू आणि हिरवी मिरची महत्त्वाची समजावी.
- कोणी शिडाच्या नौकेवरच्या मोहिमेला किंवा दवाखान्यापासून दूर अशा ठिकाणी जात असेल तर निघण्याच्या किमान दोन महिने आधी तपासणी करून घ्यावी. दातांची दुखणी आधीच संपवावीत. रोजची औषधे लागतील त्याच्या दुप्पट न्यावीत आणि दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवावीत. बोट लागू नये म्हणून घेतलेल्या गोळीने झोप येते, म्हणून ती आधी घरी घेऊन पाहावी. मधुमेह, रक्तदाब, फिट्स लपवून कोणत्याही मोहिमेत सामील होऊ नये. तिथे तुमचे आजारपण सगळ्यांनाच निभवावे लागते.

पेरू, आवळा, शेवग्याचा पाला आणि मोडाची मटकी हे सगळे आपल्याकडे मिळते. ज्याच्या अभावी ९६१ पैकी ६२६ माणसे गेली, ते मंगळवारच्या बाजारात वीस-तीस रुपयांत येते. पुढच्या वेळी गोळी मागण्याआधी आठवड्यात ताजे काय काय खाल्ले, ते एकदा मोजून पाहा.